आधी कळस, मग पाया: मोजांगला खुलं पत्र

१५ मे २०२१

प्रति,
माइनक्राफ्ट विकास विभाग,
मोजांग स्टुडिओज, स्टॉकहोम

विषय: 'केव्ह्ज अँड क्लिफ्स' अपडेट दोन भागांत देण्याबाबत, आणि मधल्या काळात जुन्या जगांचं काय करायचं याबाबत

स.न.वि.वि.

१४ एप्रिलला तुम्ही जाहीर केलंत की माइनक्राफ्ट या ब्लॉकांच्या खेळातलं गुहा आणि डोंगरांचं अपडेट एकदम येणार नाही. प्राणी, तांबं, अ‍ॅमेथिस्ट वगैरे या उन्हाळ्यात आणि खऱ्या गुहा, खरे डोंगर, वाढलेली उंची-खोली वर्षाअखेरीस. पुरातत्त्वाचं काम तर तूर्त बाजूलाच ठेवलंत. त्याच दिवशी रात्री ८ पासून महाराष्ट्रात संचारबंदी लागली आणि सहा दिवसांनी दहावीची परीक्षा रद्द झाली. घरात अडकलेली, हातात वेळच वेळ असलेली पोरं गेल्या ऑक्टोबरपासून या अपडेटची वाट बघत होती. त्यांचा राग कुठे निघाला ते तुम्ही वाचलं असेलच. हे पत्र त्या रागाचं नाही. मित्रमंडळींसाठी, भाचे-पुतण्यांसाठी, सोसायटीतल्या मुलांसाठी छोटे सर्व्हर चालवणाऱ्या आम्हा लोकांचं हे पत्र आहे आणि आमची तक्रार उशिराबद्दल नाहीच.

उशीर का झाला ते आम्हाला कळतं. फेब्रुवारीतल्या २१डब्ल्यू०६ए या स्नॅपशॉटमध्ये (चाचणी आवृत्तीत) जगाची उभी चौकट ० ते २५५ होती ती -६४ ते ३१९ झाली. म्हणजे २५६ थरांचे ३८४ थर. एका चंकात (जमिनीच्या १६ बाय १६ ब्लॉकच्या उभ्या तुकड्यात) ६५,५३६ ब्लॉक मावायचे, ते ९८,३०४ झाले. गुहा कोरण्याची पद्धतही बदलली. पूर्वी बोगदा किडा सरकावा तसा खणला जायचा, आता त्रिमितीय नॉइजमधून (गणिताने काढलेल्या अनियमित आकड्यांमधून) पोकळ्या ठरतात. तुम्ही त्यांना चीज आणि स्पगेटी अशी नावं दिलीत, जाळीदार पावाला आणि शेवयांना ती तशी शोभलीही असती. शिवाय प्रत्येक गुहेला तिची स्वतःची पाण्याची पातळी. हे सगळं संगणकावरच्या जावा आवृत्तीत आणि फोनवरच्या आवृत्तीत एकाच वेळी चालायला हवं, आणि तेही तुम्ही सगळे घरून काम करत असताना. दोन महिन्यांत दोनदा कोसळणारी गुहा मिळण्यापेक्षा सहा महिन्यांनी उभी राहणारी मिळालेली बरी. माणसं दमवून अपडेट काढू नका, या मुद्द्यावर आमचं तुमच्याशी एकमत आहे.

घोडं अडतंय ते दुसरीकडे. हे अपडेट दोन भागांत तोडताना तुम्ही कळस आधी दिलात आणि पाया नंतर. आणि या क्रमाची एक किंमत आहे, जिच्याबद्दल तुमच्या निवेदनात एक ओळही नाही.

माइनक्राफ्टमध्ये जमीन एकदाच तयार होते. खेळाडू जवळ गेला की चंक घडतो, फाइलमध्ये लिहिला जातो, आणि नंतर गेम कितीही बदलला तरी तो तसाच राहतो. तांब्याची खनिजं आणि अ‍ॅमेथिस्टचे जिओड (स्फटिकांचे पोकळ गोळे) पहिल्या भागात येतील ते फक्त नव्या चंकांत. जुन्या जगात खेळणाऱ्याला दुर्बीण हवी असेल तर तांब्याच्या दोन विटा आणि अ‍ॅमेथिस्टचा एक तुकडा लागतो, वीजवाहकाला तीन विटा. त्यासाठी तो जूनमध्ये नव्या मुलखात जाणार. तिथली जमीन घडणार ती जुन्या पद्धतीची, ० ते २५५ वाली. आणि डिसेंबरमध्ये तुमचे खरे डोंगर येतील तेव्हा हीच सहा महिन्यांपूर्वीची 'नवी' जमीन जुनी होऊन बसलेली असेल. दुर्बिणीपायी माणूस आपलाच भविष्यातला मुलूख खर्च करून बसतो. उत्साही खेळाडूचं नुकसान सगळ्यात जास्त, कारण तोच सगळ्यात लांब फिरतो.

सगळं एकदम आलं असतं तर हा प्रश्न एकदाच सोडवावा लागला असता. आता तो दोनदा सोडवायचा आहे.

याआधी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये १.७ ने बायोमची (वाळवंट, बर्फाळ मुलूख अशा प्रदेशांची) मांडणी बदलली तेव्हा जुन्या आणि नव्या चंकांच्या सीमेवर सरळसोट भिंती उभ्या राहिल्या. वाळवंट संपतं तिथे सुरीने कापल्यासारखा बर्फाळ कडा. सीड (जग ज्यावरून घडतं तो मूळ आकडा) तोच असला तरी जमीन घडवणारं गणित बदललं की आकार जुळत नाहीत. त्याहून आधी, मार्च २०१२ मध्ये, १.२ ने उंची १२८ वरून २५६ केली. फाइलची रचना बदलली, पण ते रूपांतर निर्धोक पार पडलं. त्याचं कारण साधं होतं. वाढ वरच्या बाजूला होती आणि वर फक्त हवा भरायची होती. या वेळची वाढ खालीही आहे. खाली हवा भरून चालत नाही, तिथे दगड, खनिज, गुहा, लाव्हा सगळं हवं. आणि आजच्या जगाच्या अगदी तळाशी, ० ते ४ या थरांत, बेडरॉकचं (न फुटणाऱ्या दगडाचं) झाकण आधीच बसलेलं आहे.

त्या झाकणाचं काय करणार, एवढं आम्हाला आज सांगा.

आम्हाला तीन वाटा दिसतात. एक, जुन्या चंकांना हातच लावायचा नाही. मग नव्या चंकातल्या खोल गुहेतून चालत आलेला माणूस जुन्या चंकाच्या सीमेवर येईल आणि समोर ० च्या खाली काहीच नसेल. पाऊल पुढे टाकलं की पोकळीत, सामानासकट. दोन, जुन्या बेडरॉकखाली नुसता घट्ट डीपस्लेट (खोलातला गडद दगड) भरायचा. कुणी पडणार नाही, पण आठ-नऊ वर्षं जपलेल्या जगाच्या मालकाला आपल्या घराखाली काहीही नवं मिळणार नाही. तीन, बेडरॉक काढून त्या जागी डीपस्लेट बसवायचा आणि खाली -६४ पर्यंत पूर्ण नवी जमीन, गुहांसकट, घडवायची. आमचा कौल तिसऱ्या वाटेला आहे. पण तिथेही खड्डे आहेत, आणि ते नेमके कुठे आहेत ते लिहून ठेवतो.

जावा आवृत्तीत मॉब (गेममधले राक्षस आणि प्राणी) उगवताना गेम एका उभ्या रांगेत जगाच्या तळापासून सगळ्यात वरच्या ब्लॉकच्या एक घर वरपर्यंत कुठलाही एक थर चिठ्ठी टाकून निवडतो. म्हणून फार्म (मॉब उगवून त्यांच्याकडून सामान मिळवायचे सापळे) बांधणारे छप्पर जितकं खाली ठेवता येईल तितकं ठेवतात. भोवतालची जमीन बेडरॉकपर्यंत खणून काढतात, महिनोन् महिने. समजा अशा फार्मचं छप्पर २० व्या थराला आहे. आज चिठ्ठ्या ० ते २१ म्हणजे २२. तळ -६४ ला गेला की ८६. नियम हाच राहिला तर त्या फार्मचं उत्पन्न जवळपास पाव होईल, एकही ब्लॉक न हलवता. आकाशातल्या फार्मला मार कमी. छप्पर २०० ला असेल तर २०२ च्या जागी २६६ चिठ्ठ्या, म्हणजे साधारण चौथा हिस्सा घट.

यात गुहांची भर. शत्रू मॉबची मर्यादा एकट्या खेळाडूसाठी ७० आहे आणि ते खेळाडूपासून १२८ ब्लॉकच्या आत उगवतात. खणून साफ केलेल्या जमिनीखाली ६४ थरांच्या अंधाऱ्या गुहा आल्या की ती ७० ची मर्यादा तिथेच भरेल आणि वरचं फार्म रिकामं राहील. दिवे लावा म्हणाल, तर सध्या ७ किंवा त्याहून कमी उजेडात मॉब उगवतात. मशालीचा उजेड १४, दर ब्लॉकला एकने घटतो. चाळीस ब्लॉक उंच चीज गुहेच्या खडबडीत तळावर प्रत्येक बारा-तेरा ब्लॉकांवर मशाल रोवत फिरणं म्हणजे दुसरी नोकरीच. हा स्पॉनिंगचा (मॉब उगवण्याचा) नियमच तुम्ही बदलणार असाल, उजेडाची अट कडक करणार असाल, तर फार्मवाल्यांना आत्ता सांगा. नवीन फार्मचं खोदकाम ते थांबवतील तरी.

उंचीचा प्रश्न वेगळ्याच लोकांना पडलाय. आमच्याकडे दिवाळीत मुलं मातीचे किल्ले करतात. गेली काही वर्षं तेच किल्ले माइनक्राफ्टमध्येही उभे राहतात आणि यंदा अंगणात जमता येईल की नाही याचा भरवसा नसल्याने ते जास्तच होतील. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. समुद्राची पातळी ६२ धरली तर आजच्या चौकटीत वर १९३ ब्लॉक उरतात. एकास चार प्रमाणात रायगडाचा डोंगर २०५ ब्लॉकचा होतो, म्हणजे बसत नाही. एकास पाच घ्यावं लागतं. मग डोंगर १६४ चा, पण नगारखान्याच्या कमानीतून माणूस धड उभा जाईना. ३१९ पर्यंतच्या चौकटीत २५७ ब्लॉक मिळतात, एकास चारचा रायगड बसतो आणि वर इमारतींना ५२ ब्लॉक उरतात. लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आहे. तुमचा दुसरा भाग त्याच्या आधी येत नाही हे कळलं, आता एवढंच सांगा की ३१९ हा आकडा पक्का आहे. तो बदलणार नसेल तर मुलं आत्ताच एकास चारचा आराखडा कागदावर काढतील, पायथा घालून ठेवतील आणि माथा डिसेंबरात चढवतील. आणि प्रमाण मध्येच बदललेला किल्ला मोडूनच परत बांधावा लागतो.

हे पत्र तुमच्याइतकंच आपली मंडळीही वाचतील. त्यांच्यासाठी मधल्या काळातली काही कामं इथेच लिहितो. तुम्हीही वाचा, म्हणजे तुमच्या गप्प राहण्याने लोकांना काय काय करावं लागतं ते दिसेल.

पहिल्या भागासाठी तांबं आणि अ‍ॅमेथिस्ट आणायला घराच्या भोवती चहूकडे फिरू नका. नेदर या गेममधल्या दुसऱ्या जगातून जा. नेदरचा एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ. नेदरमध्ये १,२५० ब्लॉक चाललात की वर १०,००० ब्लॉक दूर निघता आणि मधली जमीन घडतच नाही. तिथे एक पोर्टल उभं करा, तो एक-दोन रीजनचा मुलूख खाण म्हणून वापरा आणि दुसरा भाग यायच्या आधी तो पुसून टाका. एक रीजन फाइल म्हणजे ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ चंक, ५१२ ब्लॉकची बाजू. तांबं दुर्मिळ नाही, एवढ्यात भरपूर मिळतं. जिओड सापडला की बडिंग अ‍ॅमेथिस्टचा ब्लॉक फोडू नका, तो सिल्क टचनेही (ब्लॉक अखंड उचलण्याच्या जादूनेही) उचलता येत नाही. पूर्ण वाढलेला गुच्छ तेवढा कुदळीने फोडायचा, चार तुकडे मिळतात, आणि तो परत वाढतो. बकऱ्या, अ‍ॅक्सोलॉटल, चमकणारा स्क्विड यांच्यासाठी नव्या जमिनीची गरज नाही, ते जुन्या चंकांतही उगवतात. भुसभुशीत बर्फही बर्फ पडणाऱ्या बायोममध्ये हंडा उघड्यावर ठेवला की भरतो.

ज्यांच्या सर्व्हरवर कुणीही येतं, त्यांनी सीमा घालावी. केंद्र ० ० ठेवून 'वर्ल्डबॉर्डर सेट ५१२०' द्या. हा आकडा पूर्ण बाजूचा आहे, केंद्रापासूनचा नव्हे. बरेच जण इथेच चुकतात आणि हवी त्याच्या निम्मीच बाजू मिळते. ५१२० म्हणजे दोन्हीकडे २,५६०, म्हणजे बरोबर दहा बाय दहा रीजन. अर्धवट कापलेली रीजन फाइल उरत नाही आणि पुढची छाटणी सोपी जाते. अर्थात मग वरच्या जगातली ती दूरची खाण सीमेबाहेर जाते. तांबं हवं असेल तर सीमेच्या आतला एखादा अनाघ्रात कोपरा त्यासाठी राखा.

छाटणी आत्ता करू नका. आज पुसलेला चंक पहिल्या भागात पुन्हा जुन्याच पद्धतीने घडेल आणि मेहनत वाया जाईल. दुसऱ्या भागाच्या आदल्या आठवड्यात करा. त्याआधी बॅकअप, आणि चालू सर्व्हरचा फोल्डर नुसता कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. कॉपी चालू असताना रीजन फाइल लिहिली गेली तर आतला चंक तुटतो आणि परत उघडताना तिथे कोरी जमीन येते, घर गायब. आधी 'सेव्ह-ऑफ', मग 'सेव्ह-ऑल फ्लश', मग कॉपी, मग 'सेव्ह-ऑन'. शेवटची आज्ञा विसरलात तर पुढचं काही आपोआप जतन होणार नाही, म्हणून जमलं तर सर्व्हर बंद करूनच कॉपी घ्या.

छाटणीला एमसीए सिलेक्टर हे साधन चांगलं आहे. त्यात 'इनहॅबिटेड टाइम'वर गाळणी लावता येते, म्हणजे खेळाडू त्या चंकाच्या आसपास किती वेळ होता. हा वेळ टिकमध्ये असतो, २० टिकचा एक सेकंद. १,२०० टिकपेक्षा कमी, म्हणजे मिनिटभरही कुणी थांबलं नाही असे चंक निवडा. पण निवडलेले लगेच पुसू नका, नकाशावर नजर फिरवा. ज्या रेल्वेवरून कुणी एकदाच सुसाट गेलं, ते रूळ या गाळणीत हमखास सापडतात. एखाद्या टोकाचा दीपस्तंभ, दूरचं गाव, एलिट्राने उडताना उतरायचा चौथरा हेही. त्यांच्याभोवतीची निवड हाताने काढा. फाइल हाताने पुसणार असाल तर रीजन फोल्डरमधली फाइल काढून भागत नाही. या अपडेटच्या स्नॅपशॉटपासून सजीव आणि चित्रचौकटी वगैरे वस्तू वेगळ्या 'एंटिटीज' फोल्डरमध्ये जातात, गावकऱ्यांच्या कामाच्या जागा 'पीओआय'मध्ये. त्याच नावाच्या फाइली तिथूनही काढा. नाहीतर नव्या डोंगराच्या पोटात जुन्या घराच्या चौकटी आणि गुदमरणारे गावकरी सापडतील. नेदर आणि एंड या दुसऱ्या जगांना हात लावू नका, त्यांची चौकट बदलत नाही.

सर्व्हर 'फोर्सअपग्रेड' लावून सुरू केला की जुनी जमीन नवी होईल, असा एक समज आहे. होत नाही. तो पर्याय फक्त चंकांची लिहिण्याची पद्धत नव्या आवृत्तीची करतो. आणि एकदा नव्या आवृत्तीत उघडलेलं जग मागे नेता येत नाही.

नव्या गुहा आत्ताच बघायच्या असतील तर तुम्ही दिलेला प्रीव्ह्यू डेटापॅक (गेमला वरून जोडायची फाइल) आहे. तो द्यायचं ठरवलंत याबद्दल मनापासून आभार, एवढ्या रागात ही गोष्ट कुणी नीट सांगितलीच नाही. नवं जग तयार करताना 'डेटा पॅक्स' उघडून झिप तशीच आत ओढायची, बाण दाबून निवडलेल्यांच्या बाजूला न्यायची, प्रायोगिक असल्याचा इशारा मान्य करायचा. झिप सोडवून फोल्डर टाकायचा असेल तर पॅकची मूळ फाइल पहिल्याच पातळीवर हवी, फोल्डरात फोल्डर झाला की गेमला तो दिसत नाही. सर्व्हरवर जगाचा फोल्डर तयार व्हायच्या आधीच त्यात 'डेटापॅक्स' करून झिप ठेवायची आणि मग सर्व्हर चालू करायचा. लागला की नाही ते एफ३ दाबून (उंचीचा आकडा पडद्यावर येतो) खाली खणत गेलं की कळतं, बेडरॉक शून्यापाशी भेटला तर नाही लागला. जुन्या जगावर हा पॅक मुळीच लावू नका. आणि पॅकमधल्या जगात जीव गुंतवू नका, ते जग डिसेंबरपर्यंत नीट उघडत राहील असं धरू नका. फेब्रुवारी ते एप्रिलच्या स्नॅपशॉटमध्ये ज्यांनी जगं मांडली, त्यांना २१डब्ल्यू१५ए ने उंची परत २५६ केल्यावर हा धडा मिळाला. -४० ला बांधलेलं घर ० ते २५५ च्या चौकटीत बसणार कुठे?

संगणकांचंही पाहून ठेवा. १२ मेच्या स्नॅपशॉटपासून गेमला जावा १६ हे सॉफ्टवेअर लागतं. तुमच्या लाँचरमधून खेळणाऱ्याला ते आपोआप मिळतं, पण सर्व्हर हाताने चालवणाऱ्याच्या मशीनवर बहुधा जावा ८ असतं. तिथे सर्व्हर सुरूच होत नाही, पडद्यावर क्लास फाइल ६० आणि ५२ असे दोन आकडे येतात. ६० म्हणजे जावा १६, ५२ म्हणजे जावा ८. बिघाड जगात नसतो, घाबरून जग पुसू नका. चित्रणाला आता ओपनजीएल ३.२ लागतं. दहा वर्षांपूर्वीच्या सँडी ब्रिज पिढीतल्या एचडी २००० आणि ३००० ग्राफिक्सला विंडोजवर ३.१ च्या पुढचा ड्रायव्हर नाही. जुन्या ऑफिसातून निघालेले स्वस्त संगणक घरोघरी आहेत ते नेमके हेच. खोली वाढल्यावर भार किती वाढेल याचाही अंदाज बांधता येतो. दृश्य अंतर ८ चंक असेल तर २८९ चंक, प्रत्येकी १६ तुकडे (एक तुकडा १६ थरांचा), एकूण ४,६२४. चंकाचे तुकडे २४ झाले की तेवढ्याच भारात राहायला अंतर ६ वर आणावं लागेल, म्हणजे १६९ गुणिले २४, ४,०५६. आकाशाचे रिकामे तुकडे स्वस्त पडतात हे खरं, पण शून्याखालचे चार दगडाने भरलेलेच असणार.

हे सगळं झालं जावावाल्यांचं. ज्यांच्याकडे रीजन फाइल आहे, साधन आहे, थोडी इंग्रजी आणि भरपूर चिकाटी आहे. आमच्याकडची बहुतेक मुलं खेळतात ती आईवडिलांच्या फोनवर. फोनवरच्या या आवृत्तीला 'बेडरॉक' आवृत्तीच म्हणतात, तिच्यात जग वेगळ्या पद्धतीने साठवलं जातं, फोनवर बसून चंक छाटायची सोय नाही. तिथे प्रायोगिक खटका एकदा चालू केला की त्या जगात तो बंद होत नाही. गेम आधी जगाची प्रत काढतो म्हणून मूळ वाचतं. त्या मुलांना वरचं एकही काम करता येणार नाही. म्हणून जोडकाम तुम्हालाच करावं लागेल.

जुना चंक आणि नवा चंक यांच्या सीमेवर जमीन घडवताना शेजारच्या जुन्या चंकाची उंची वाचा आणि काही चंकांच्या पट्ट्यात ती हळूहळू नव्या उंचीला नेऊन मिळवा. बायोमही तसंच. जमीन घडायला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे. बेडरॉकच्या झाकणाबद्दल वरच्या तीन वाटांपैकी कुठली, ते पहिला भाग बाजारात यायच्या आत लिहून जाहीर करा. काम झालं नसेल तर झालं नाही म्हणा, पण दिशा सांगा. तिसरी वाट घेतलीत तर जग उघडताना एक पर्याय द्या: तळ जसा आहे तसा ठेवायचा की नवा घडवायचा. स्पॉनिंगची चिठ्ठी तळापासून टाकणं चालू राहणार का, तेही. प्रीव्ह्यू पॅक प्रत्येक आवृत्तीबरोबर ताजा करा आणि तो कोणत्या आवृत्तीवर चालतो ते त्याच्या नावातच लिहा. जमीन घडवण्याच्या फाइलींची रचना बदलली की जुना पॅक नुसता पडतो आणि मुलांना वाटतं संगणक बिघडला.

शेवटची विनंती वार्षिक सोहळ्याबद्दल. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिथे दाखवलेला पुरातत्त्वाचा ब्रश आणि मडक्यांचा खेळ पाहून इथे कुणी वाळूखाली अवशेष पुरून ठेवले, कुणी उत्खननाचे नकाशे काढले. जे तुमच्याच संगणकावर अजून नीट उभं नाही, ते दाखवायला हरकत नाही, पण 'कच्चं' अशी पाटी लावून दाखवा.

बाकी टपकणाऱ्या पाण्याचे खडक आवडले. ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ ही जोडी इथली मुलं भूगोलाच्या पुस्तकातून पाठ करतात. सह्याद्री बसाल्टचा, चुनखडी नाही, त्यामुळे गडावरच्या टाक्यांत आणि लेण्यांत ते बघायला मिळत नाहीत. आता कुठला खाली लोंबतो आणि कुठला वर वाढतो, यावर घरात वाद होणार नाही. त्याखाली हंडा ठेवला की लाव्हासुद्धा थेंबथेंब भरतो, हे ज्याने सुचवलं त्याला आमचा नमस्कार सांगा.

उत्तराची वाट पाहतो. पहिल्या भागाची तारीख जाहीर कराल त्याच दिवशी आलं तर उत्तम, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं तांबं शोधायला निघालेली असतील.

कळावे, लोभ असावा.

आपले,
महाराष्ट्रातले काही घरगुती सर्व्हर सांभाळणारे